डाव्या पायाची थकबाकी

श्यामकांत खटावकर लंगडतात असं म्हणायची चंदीगडात कुणाची छाती नव्हती. निदान श्यामकांतांची तशी समजूत होती. आणि माणसाच्या समजुतीला एकदा आठ-नऊ वर्षं झाली, की ती सरकारी नोकरासारखी पर्मनंट होते. तिला काढून टाकायचं तर फार मोठी कारवाई करावी लागते. ती कारवाई कशी झाली, त्याचीच ही हकीकत आहे.

त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा सव्वा इंच आखूड होता, आणि बराचसा बारीक. लहानपणीचा पोलिओ. वडील साताऱ्याच्या शाळेत ड्रिलमास्तर. ड्रिलमास्तराचाच मुलगा लंगडा निघावा हे त्यांना सगळ्या खात्यावर आलेलं बालंट वाटलं. त्यांनी पोराला अंगणात रोज चालवून चालवून अशी चाल बसवून घेतली, की ज्याचं नाव ते. "मागून येणाऱ्यानं दुसऱ्यांदा बघता कामा नये," हा त्यांचा मंत्र. पुढे कोल्हापूरच्या एका कारागिरानं डाव्या बुटाच्या आत, बाहेरून पत्ता लागणार नाही असा, बुचाचा जाड थर बसवून दिला आणि मंत्राला यंत्राची जोड मिळाली. लग्नात करवल्यांनी नवरदेवाचे बूट पळवले तेव्हा मेहुणी रत्नप्रभा ओरडली होती, "अगं, एक बूट जड का गं?" तेव्हा विनयानं, म्हणजे वधूनं, "त्यात माझं नशीब भरलंय, गुपचूप जागेवर ठेव," असं सांगून प्रकरण मिटवलं होतं. तेव्हापासून हे गुपित घरातल्या घरात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

केंद्र सरकारच्या एका हिशेब खात्यात बदली होऊन श्यामकांत चंदीगडला आले ते एक्याऐंशी साली. सेक्टर एकोणतीसमधलं क्वार्टर, वरचा मजला. खाली ग्रेवालजी नावाचे निवृत्त हेडमास्तर. पुढे पंजाबात जे दिवस आले ते आले. बाजार संध्याकाळीच मिटायला लागला, बेवारस ट्रान्झिस्टरला हात लावू नका, आत बॉम्ब असेल, अशा पाट्या लागल्या, आणि क्वार्टरांच्या रस्त्याच्या टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत रचून नाका बसला. नाक्यापलीकडे बस स्टॉप. सकाळी नाक्यावर सगळ्यांची झडती व्हायची: डबे उघडा, पिशव्या उघडा, हात वर करा. ग्रेवालजींना तर भाजी आणायला जाताना एकदा आणि आणल्यावर एकदा. श्यामकांतांना मात्र कधी कुणी अडवलं नाही. जवान लांबूनच हात हलवायचा, "जाइए बाबूजी." दर चार-सहा महिन्यांनी नाक्यावरची तुकडी बदले, पण नवा जवानसुद्धा पहिल्याच दिवशी, "जाइए बाबूजी."

"याला म्हणतात व्यक्तिमत्त्व," श्यामकांत घरी येऊन सांगत. "चालण्यात रुबाब पाहिजे. आमच्या वडिलांची कृपा."

 संध्याकाळी विनया त्या रुबाबाला मोहरीचं तेल चोळून द्यायची. चाळिशी उलटली तसा पाय रात्री ठणकायला लागला होता. श्यामकांत ते कबूल करत नसत. फक्त तेल गरम आहे का एवढंच विचारत.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात ते परिपत्रक आलं. अपंग कर्मचाऱ्यांना मिळणारा वाहनभत्ता आधी फक्त काठी-कुबडीवाचून चालता न येणाऱ्यांनाच मिळे. आता नियम सैल झाला होता. पायाचं अपंगत्व चाळीस टक्के असलं की पुरे, काठी असो वा नसो. शिवाय हा सैलपणा चौऱ्याऐंशीच्या जानेवारीपासून लागू धरायचा, आणि मधल्या सगळ्या वर्षांची थकबाकी एकरकमी द्यायची. अर्जाची मुदत जानेवारीअखेर. श्यामकांतांनी ते परिपत्रक घरी आणलं ते केवळ सरकारी इंग्रजी किती बिघडलंय हे दाखवायला.

"अर्ज करा," विनया म्हणाली.

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? पाय आहे ना आपल्याकडे!"

"अगं, पण तो कुणाला ठाऊक नाही. आता काय हातात काठी घेऊन सांगत सुटू, मी लंगडा, मला पैसे द्या? अख्ख्या ऑफिसात बोभाटा होईल."

विनयानं तेलाची वाटी खाली ठेवली. "हे पैसे तुमचे नाहीतच मुळी. पायाचे आहेत. एवढी वर्षं त्यानं बिनबोभाट तुम्हाला वाहून नेलं. त्याचं आहे ते त्याला मिळू दे. रिक्षानं जा-ये करा, नवे बूट करा. नाहीतर पन्नाशीला हा पाय खाटेवर बसेल, आणि त्याच्याबरोबर तुम्हीही."

श्यामकांतांनी पायाकडे पाहिलं. पाय बिचारा काही बोलला नाही. अर्ज गेला, लिफाफ्यावर 'गोपनीय' असं तीनदा लिहून. सरकारी कचेरीत गोपनीय लिफाफा आधी उघडला जातो हे नऊ वर्षं तिथंच काढलेल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. पण स्वतःच्या लिफाफ्याबाबत माणूस आंधळा असतो.

वैद्यकीय मंडळाची तारीख आली आणि श्यामकांतांच्या मनात वेगळीच धास्ती उभी राहिली. आपण तर इतके उत्तम चालतो! डॉक्टरांना चाळीस टक्के दिसणार कुठून? चाळीस वर्षांची मेहनत ऐन वेळी आडवी येणार. कुणाचा तरी सल्ला घेणं भाग होतं. ग्रेवालजींनी तीस वर्षं शाळेत नाटकं बसवली होती, आणि माणूस पोटात ठेवणारा होता. एका संध्याकाळी त्यांच्या बैठकीत दार लावून घेऊन श्यामकांतांनी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसाला ते सांगितलं.

ग्रेवालजींच्या हातातला चहाचा कप जागच्या जागी थबकला. "आपका? पैर? नहीं जी!"

"बायाँ," श्यामकांत ओशाळून म्हणाले.

"कमाल है! हमें तो कभी पता ही नहीं चला!"

श्यामकांतांना आतून इतकं बरं वाटलं, की क्षणभर भत्त्याचा विसर पडला.

मग तालमी सुरू झाल्या. ग्रेवालजींनी आपल्या दिवंगत वडिलांची शिसवी काठी दिली. "खटावकरजी, एक बात याद रखो. मंच पर जाकर लंगड़ाना शुरू करोगे तो नकली लगेगा. घर से ही शुरू करके जाओ. वहाँ पहुँचते-पहुँचते चाल पक जाएगी." श्यामकांत दिवाणखान्यात काठी टेकत फेऱ्या मारू लागले. खांदा पाडायचा, कंबर झटकायची, दर चौथ्या पावलाला 'हाय' म्हणायचं. दहा वर्षांची लीना अभ्यास सोडून बघत बसली.

"पापा, ये तो ओवरॲक्टिंग है," ती म्हणाली. ती सगळं मराठी समजायची आणि सगळी उत्तरं हिंदीत द्यायची. "आप वैसे ही चलो ना, जैसे रोज़ चलते हो."

"तू गप्प बस. रोजच्यासारखं चालून भत्ता मिळत नसतो," श्यामकांत म्हणाले. पोरीच्या वाक्याचा नीट विचार करायची सवड त्यांना नव्हती.

मंडळाच्या दिवशी सकाळी धुकं असं दाट होतं की समोरची मेंदीची कुंपणं दिसेनात. श्यामकांतांनी माकडटोपी घातली, अंगाभोवती ग्रेवालजींचीच घोंगडीवजा लोई गुंडाळली, काठी घेतली आणि उंबऱ्यापासूनच लंगडायला सुरुवात केली. नाक्याजवळ येईतो चाल चांगलीच पिकली होती.

"रुको! हाथ ऊपर!"

श्यामकांतांनी मागं वळून पाहिलं, कुणाला सांगतोय ते बघायला. मागं कुणी नव्हतं. त्यांनी हात वर केले. काठी खाडकन रस्त्यावर पडली.

"क्या फेंका? क्या फेंका बे?" पोत्यांमागून दोन बंदुका बाहेर आल्या. रोजचाच जवान, रामसुमेर, पुढे झाला. श्यामकांतांनी ओळखीचं हसून दाखवलं. माकडटोपीतून ते दिसलं नसावं.

"मैं रोज़ जाता हूँ इधर से," ते चढ्या आवाजात म्हणाले.

"इधर से रोज़ हमारे बाबूजी जाते हैं," रामसुमेर म्हणाला. "तुमको तो आज पहली बार देख रहे हैं."

ओळखपत्र निघालं. त्यावर एक्याऐंशी सालचे, मिशीवाले, कुरळ्या केसांचे श्यामकांत होते. रामसुमेरनं एकदा फोटोकडे, एकदा टोपीकडे पाहिलं आणि मान हलवली. लोई झाडून झाली, खिसे उलटे झाले. शेवटी बूट काढायला सांगितले. रामसुमेरनं दोन हातांत दोन बूट धरले, वजन केलं, आणि रत्नप्रभेनं लग्नात विचारलेला प्रश्न त्यानं जसाच्या तसा विचारला.

"एक जूता भारी क्यों है?"

आता या प्रश्नाचं उत्तर 'त्यात माझं नशीब भरलंय' असं द्यायला विनया तिथं नव्हती. श्यामकांत म्हणाले, "वो मेरा निजी मामला है." त्या वर्षी, त्या शहरात, जड बूट घेऊन उभ्या असलेल्या माणसानं देऊ नये असं एकच उत्तर होतं आणि ते हेच होतं.

पुढच्या पाच मिनिटांत रस्ता बंद झाला. दूधवाले, स्कूटरवाले, शाळेची बस, सगळे दोन्ही बाजूंना लांब थांबवले गेले. चौकाच्या मधोमध, धुक्यात, श्यामकांतांचा डावा बूट एकटाच उभा राहिला. चाळीस वर्षं ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघू नये म्हणून आटापिटा केला, त्याच्याकडे आता पाऊणशे माणसं श्वास रोखून बघत होती. श्यामकांत एका बाजूला थंडगार फरशीवर मोज्यांनिशी उभे होते, आणि 'हाय' म्हणायचं पार विसरले होते.

शेवटी अंगभर जाड कपडे घातलेला एक माणूस आला, त्यानं लांब चिमट्यानं बूट उलथा केला, तळ चिरला, आणि आतून बाहेर पडलं ते कोल्हापूरचं बूच. गर्दीतून "ओहो!" असा निराशेचा सूर निघाला.

"उठाओ अपना जूता," कुणीतरी दरडावलं.

श्यामकांत निघाले. काठी नाही, बूट नाही, अभिनय नाही. अपमानानं कान तापलेले, मान ताठ, ड्रिलमास्तरांनी शिकवलेली छाती पुढे काढून ते आपल्या नेहमीच्या चालीनं चौकात चालत गेले. चार-पाच पावलं टाकली असतील नसतील, तोच रामसुमेर ओरडला, "अरे रोको, रोको! ये तो अपने बाबूजी हैं!" तो धावत आला, त्यानं बूट उचलून दिला, काठी पुसून दिली, हात जोडले, गरम चहा पाजला. श्यामकांतांनी चहा पिता पिता मनाशी नोंद केली, की रुबाब हा बुटात नसतो, तो माणसात असतो.

मंडळासमोर ते तासभर उशिरा, चिरलेला बूट आणि खरोखर ठणकणारा पाय घेऊन पोचले. तरी दारातून आत शिरताना त्यांनी तालमीप्रमाणे खांदा पाडला आणि "हाय" म्हटलं. डॉक्टरांनी मान वर केली नाही. "लेट जाइए." टेबलावर झोपवून त्यांनी टेप लावली, मांडी मोजली, पोटरी मोजली, गुडघा वाकवला, आकडा लिहिला.

"चाल नाही बघणार?" श्यामकांतांच्या तोंडून चक्क मराठी गेलं. मग सावरून, "चलके दिखाऊँ?"

"हम चाल नहीं नापते जी, पैर नापते हैं," डॉक्टर म्हणाले. "अगला!"

टक्के बेचाळीस भरले. ग्रेवालजींच्या तीस वर्षांच्या नाट्यानुभवाचा त्यात एका टक्क्याचाही वाटा नव्हता.

तो दाखला घेऊन श्यामकांत आपल्याच ऑफिसातल्या बिल विभागात, भाटियाबाबूंपुढे उभे राहिले. भाटियाबाबू दर आक्षेपाआधी टेबलावरचा पेपरवेट एकदा गर्रकन फिरवायचे. पेपरवेट फिरला.

"आप आज हैंडीकैप्ड हैं, मान लिया. चौरासी में थे, इसका क्या सबूत?"

"अहो, म्हणजे, भाटियाजी, उसमें लिखा है, पुराना पोलियो."

"पुराना कोई तारीख़ नहीं होती."

पेपरवेट पुन्हा फिरला. भाटियाबाबूंनी श्यामकांतांची सर्व्हिस फाइल उघडली आणि त्यातला एक रंगीत कागद दोन बोटांनी वर धरला. पंच्याऐंशी सालच्या ऑफिस क्रीडादिनातलं प्रशस्तिपत्र: तीन पायांची शर्यत, प्रथम क्रमांक, श्री. एस. खटावकर आणि श्री. एन. टिपणीस. "हैंडीकैप्ड आदमी दौड़ में फ़र्स्ट आता है?"

आता हा कागद त्या फाइलीत गेला कसा? तर श्यामकांतांनीच घातला होता. क्रीडादिनाची प्रशस्तिपत्रं फाइलीत लावायची पद्धत नव्हती. पण आयुष्यात पहिल्यांदा पायानं मिळवलेलं बक्षीस. श्यामकांतांनी नियमांचे आधार देऊन दोन पानी टिपण लिहिलं, वरपर्यंत पाठपुरावा केला, आणि तो कागद रीतसर नोंद करवून फाइलीत डकवून घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इथं फक्त पाय दाखवला होता.

"दो गवाह लाइए," भाटियाबाबू म्हणाले. "रिश्तेदार नहीं चलेंगे. जिन्होंने चौरासी से पहले आपको अपनी आँखों से लंगड़ाते देखा हो. इकतीस जनवरी तक."

श्यामकांत घरी आले ते गळून. त्यांना लंगडताना पाहिलेला साक्षीदार! चंदीगडात! असा एक जरी माणूस असता तर त्यांनी शरमेनं बदली मागून घेतली असती. ज्या कामात त्यांनी आयुष्यभर पैकीच्या पैकी मार्क मिळवले, त्याच कामात आता नापास झाल्याचा दाखला हवा होता.

"सोडून देऊ," ते म्हणाले. "खोटे साक्षीदार उभे करणं आपल्याला जमायचं नाही. मी हिशेब तपासणारा माणूस आहे."

विनया कधी रडत नसे. त्या दिवशी तिचे डोळे भरले, आणि रागानं भरले. "नाक्यावर त्या बुटाला भर चौकात उभं केलं तेव्हाही तुम्ही म्हणालात, निजी मामला! अहो, कुणाचा निजी मामला? रात्री कळ येते तेव्हा उशी तोंडात धरता, लीनाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू येतं. एकदा, फक्त एकदा, त्या पायाच्या बाजूनं उभे राहा. मग पैसे नाही मिळाले तरी चालतील."

 श्यामकांत जिना उतरून खाली गेले, कारण जगात निदान एक माणूस असा होता की जो लाजेखातर तरी त्यांच्यासाठी खोटं बोलला असता.

"ग्रेवालजी," ते म्हणाले, "एक गलत काम है. आपको मेरे लिए झूठ बोलना पड़ेगा." आणि त्यांनी साक्षीचा सगळा प्रकार सांगितला.

ग्रेवालजींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपल्या दाढीवरून एकदा हात फिरवला.

"झूठ तो मैं उस दिन बोला था जी," ते हळूच म्हणाले. "जिस दिन आपने बताया था."

"मतलब?"

"मतलब, आप इक्यासी में सामान लेकर आए, और मैंने आपको ये सीढ़ियाँ चढ़ते देखा. तब से पता है."

श्यामकांत खुर्चीत बसले.  "फिर बोले क्यों नहीं?"

"आप इतनी मेहनत करते थे सीधा चलने की," ग्रेवालजी म्हणाले. "किसी की मेहनत पर उँगली रखना अच्छा लगता है?"

"और किसको पता है?"

"ये पूछो जी, किसको नहीं पता. दूधवाला, डाकिया, सामने वाली बहनजी. नाके वाले आपको दूर से किस चीज़ से पहचानते हैं? चाल से." ग्रेवालजी जरा हसले, पण डोळ्यांनी नाही. "अपनी-अपनी क़िस्मत है, खटावकरजी. आपको चाल से पहचानकर छोड़ देते हैं. हमें पगड़ी से पहचानकर रोक लेते हैं."

श्यामकांतांना ग्रेवालजींची रोजची उघडी भाजीची पिशवी आठवली. आपण त्यांना आपला रुबाब ऐकवायचो तेव्हा या माणसानं किती वेळा "आपकी तो बात ही और है" म्हटलं असेल! नाटकं बसवणारा माणूस नऊ वर्षं खाली राहून स्वतःच नाटक करत होता, आणि आपण त्याच्याकडून अभिनय शिकायला गेलो होतो. त्यांना एकाच वेळी रडू आलं आणि भयंकर रागही आला. ग्रेवालजींनी कागद ओढला आणि शाळेतल्या वळणदार अक्षरात साक्ष लिहून दिली.

दुसऱ्या साक्षीसाठी नंदकुमार टिपणीस. ऑफिसातला मित्र, महाराष्ट्र मंडळाचा चिटणीस, आणि शर्यतीतला जोडीदार. त्याच्या घरी श्यामकांत तावातावानंच शिरले.

"नंदू, खरं सांग. मी लंगडतो हे तुला ठाऊक होतं?"

नंदकुमारनं आधी बायकोकडे पाहिलं. तिनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हे बघ श्याम," तो म्हणाला, "शर्यतीच्या वेळी मी तुझ्या कुठल्या बाजूला उभा होतो?"

"डाव्या."

"का होतो?"

"का होतास?"

"अरे गाढवा, तुझा डावा पाय माझ्या उजव्या पायाला बांधायचा म्हणून! तुझ्या पायाचं काम माझ्या पायानं केलं, म्हणून तर पहिले आलो. बाकीच्या जोड्यांना चार-चार पायांचा गोंधळ होता. आपल्याला मोजून तीनच पाय, शर्यतच तीन पायांची!"

 ज्या कागदासाठी दोन पानी टिपण लिहिलं, तो त्यांच्या पायाचा विजय नव्हता हे खरंच. पण त्या पायावाचूनही तो नव्हता. नंदकुमारनं एक्याऐंशीपासून हा पाय आपण बघत आलोय हे आणि शर्यतीचं खरं, दोन्ही साक्षीत लिहून दिलं, इंग्रजीत, आणि खाली मंडळाचा शिक्का मारला. शिक्क्याची गरज नव्हती, पण मंडळाच्या चिटणिसाला शिक्का आवरत नाही.

भाटियाबाबूंनी दोन्ही साक्षी वाचल्या. पेपरवेटला हात लावला, पण फिरवला नाही. "ठीक है. पास."

त्यांचा चेहरा बघून श्यामकांतांना राहवेना. "भाटियाजी, आपको भी पता था क्या?"

"मैं आठ साल से आपके पीछे-पीछे कैंटीन जाता हूँ साहब," भाटियाबाबू म्हणाले. "पता तो मुझे भी था. पर मेरा पता होना रूल में नहीं आता."

एरियर्स फेब्रुवारीत हातात पडले. विनयानं त्यातून आधी बूट करायला टाकले. श्यामकांतांनी हट्टानं बूच पुन्हा आतल्या बाजूलाच बसवून घेतलं. पैसे मिळाल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर दिसेना. मूठ झाकलेली नव्हतीच कधी. उघडी मूठ घेऊन आपण सगळ्या शहरातून फिरत होतो, आणि लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत होते, हा विचार त्यांना खायला लागला. पंधरा दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. रिक्षात बसायला नकार दिला. चालताना पूर्वीपेक्षा ताठ चालायचे, म्हणजे पाय पूर्वीपेक्षा जास्त ठणकायचा. विनया रोज तेल गरम करायची.

मग एका सकाळी नव्या बुटाची नाडी सुटली. नाक्याच्या पोत्यांच्या भिंतीला हात टेकून श्यामकांत नाडी बांधायला वाकले. भिंतीपलीकडे रामसुमेरचा आवाज येत होता. त्याची तुकडी बदलत होती, आणि तो नव्या जवानाला चार्ज देत होता. बॅटरी, शिट्टी, बॅरिकेडच्या चाव्या, एक घोंगडी.

"और सुन," रामसुमेर म्हणाला. "अभी एक बाबूजी आएँगे. ऊँचे-से, बैग वाले. बाईं टाँग से ज़रा ऐसे चलते हैं. उनको रोकना नहीं. हमको भी पिछले वाले ने बताया था, उसको उससे पिछले वाले ने."

"ठीक है," नवा म्हणाला.

"और एक बात. टाँग की तरफ़ देखना मत. उनको अच्छा नहीं लगता."

श्यामकांत नाडी हातात धरून तसेच वाकून राहिले. दर चार-सहा महिन्यांनी, इतक्या वर्षांत, कुठल्या कुठल्या मुलखातून आलेल्या कितीतरी पोरांनी बॅटरी आणि शिट्टीबरोबर त्यांचा पाय एकमेकांच्या ताब्यात दिला होता. नीट जपून, न बघता. ज्या दिवसांत अनोळखी माणसावर आधी बंदूक रोखली जायची त्या दिवसांत. आणि आपण त्याला रुबाब म्हणत होतो. त्यांचा राग कुठे गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. डोळे मात्र भरून आले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

ते भिंतीला वळसा घालून पुढे आले. नव्या पोरानं घाईघाईनं नजर आभाळाकडे वळवली. "जाइए बाबूजी."

श्यामकांत गेले नाहीत. त्याच्या समोर येऊन उभे राहिले.

"देख लो भाई," ते म्हणाले. "अच्छी तरह देख लो. कल को कोई नक़ल करके आया, तो पहचानोगे कैसे?"

आणि त्यांनी नाक्यापासून बस स्टॉपपर्यंत, सगळ्यांच्या देखत, पायाला जसं चालायचं होतं तसं चालून दाखवलं. खांदा पडला, कंबर झुकली, ड्रिलमास्तरांचा मंत्र मागं कुठेतरी चौकात राहिला. ठणका मात्र बराच कमी होता.

त्या चालीनं वेळ जास्त लागतो. त्यांची नेहमीची बस चुकली. ऑफिसात पोचले तोवर भाटियाबाबूंनी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे लाल रेघ मारली होती.